नदीनंतरचं वळण

माहितीकेंद्राच्या मॅडम दारात उभ्या राहूनच म्हणाल्या, की सभागृहाच्या समितीनं दुरुस्ती मान्य केली, तेव्हा रेल्वेच्या मॉडेलची तिसरी फळी आता बदलावी लागेल. सदऱ्याचं एखादं बटण बदलायचं असावं अशा सुरात म्हणाल्या. तो त्या वेळी एका इस्पितळाच्या मॉडेलवर काम करत होता; चिमट्यात झाड होतं, करंगळीच्या नखाएवढं, तारेचं खोड आणि वर हिरव्या रंगात बुडवलेल्या स्पंजाचा झुबका. कुठून कुठपर्यंत, एवढंच त्यानं विचारलं. नदी ओलांडल्यावर मार्ग डावीकडे वळतो, त्या म्हणाल्या, टेकडीच्या मागून जातो आणि चौथ्या फळीवर जुन्या मार्गाला येऊन मिळतो. नकाशे आजच पाठवते, बुधवारी दुपारी समितीचे लोक बघायला येणार, त्याआधी व्हायला हवं. तो बरं म्हणाला आणि त्यानं झाड लावलं. मॅडम गेल्यावर बऱ्याच वेळानं त्याच्या लक्षात आलं, की ते झाड बागेत नाही, रुग्णवाहिकेच्या रस्त्यावर मधोमध उभं आहे. क्षणभर त्याला कळेना, हे इथं कुणी लावलं. इतक्या वर्षांत असं झालं नव्हतं. त्याचे हात त्याला न विचारता चालत, पण चुकत नसत. त्यानं झाड उपटलं, डिंकाचा थेंब पुसला आणि चिमटा तसाच धरून बसून राहिला. नदी ओलांडल्यावर डावीकडे. म्हणजे नदी ओलांडल्यावर समोर जी गल्ली होती, ती आता वाटेत येत नाही. ती गल्ली मागच्या वर्षीच पाडून झाली होती, आणि तिच्यातलं टोकाचं घर त्याच्या आईवडिलांचं होतं.

वेगवान रेल्वेचं विधेयक सभागृहात आलं तेव्हाच हे मॉडेल मागवलं गेलं होतं. कलमं वाचून कुणाला रेल्वे दिसत नाही, असं कुणीतरी शहाण्यानं म्हटलं असणार. मग त्यानं आणि त्याच्या हाताखालच्या दोघांनी प्लायवूडच्या मोठमोठ्या फळ्यांवर सगळा मार्ग उभा केला, एका शहरापासून दुसऱ्या शहरापर्यंत, टेकड्या, बोगदे, पूल, गावं सगळं. त्या फळ्या एकीला एक जोडून सरकारी माहितीकेंद्राच्या लांबलचक दालनात मांडल्या होत्या. टोकाला एक लाल बटण होतं. ते दाबलं की रुळांखाली बसवलेले बारीक दिवे एकामागून एक पेटत जायचे आणि बघणाऱ्याला वाटायचं, गाडी गेली. मोठमोठे सभासद, कोटबिट घातलेले, आधी गंभीर चेहऱ्यानं नकाशांकडे बघायचे आणि मग कुणी बघत नाहीसं पाहून हळूच बटण दाबायचे. पण त्या बटणावर सगळ्यांत जास्त हक्क त्याच्या आईचा होता. ती दर बुधवारी सकाळी यायची. पहारेकऱ्यानं तिच्यासाठी खुर्ची राखून ठेवलेली असायची, तिसऱ्या फळीजवळ ती बसायची आणि कुणी अनोळखी माणूस जवळ आला की त्याला बोटानं दाखवायची, "हे इथं माझं स्वयंपाकघर होतं बरं का. बरोबर ओट्यावरून जाणार गाडी." माणूस कानकोंडा होऊन हळहळ व्यक्त करायला लागला, की ती त्यालाच धीर द्यायची. मग उठून बटण दाबायची, दिवे नदी ओलांडून तिच्या ओट्यावरून सरळ पुढे धावायचे, आणि ती समाधानानं घरी जायची. त्याला सुरुवातीला याची लाज वाटायची. पुढं पुढं बुधवारी काहीतरी निमित्त काढून तोही दालनात जायला लागला.

चहा गार झाला होता तरी त्यानं तो प्यायला. हे आईला सांगायचं कुणी, हा प्रश्न नव्हताच. तोच सांगणार होता, दुसरं होतंच कोण. प्रश्न बाबांचा होता. बाबा आता नव्हते, आणि तरी सगळी अडचण त्यांचीच होती. बाबा वजनकाटे दुरुस्त करायचे. दुकानांचे, टपालखात्याचे, औषधवाल्यांचे नाजूक काचपेटीतले काटे. काट्यावर वजन ठेवायचं आणि काटा थरथरायचा थांबेपर्यंत श्वाससुद्धा जपून घ्यायचा, असं आयुष्य गेलं. तीच सवय घरी आली. काहीही ठरवायची वेळ आली की बाबा म्हणायचे, थोडं थांबू या. नवा पंखा घ्यायचा, थांबू या. मुलाला मॉडेलं करायला शिकवणाऱ्या शाळेत घालायचं, थांबू या जरा. दात दुखतोय, थांबू या, कमी होईल. गल्लीनं त्यांचं नाव थांबूशेठ ठेवलं होतं, आणि ते आईनंच आधी ठेवलं असावं असा त्याचा दाट संशय होता. कारण आई म्हणजे दुसरं टोक. दूध उतू जायच्या आधी भांडं उतरवणारी, बस येण्याआधी रस्त्यात जाऊन उभी राहणारी. तिच्या तोंडून थांब हा शब्द त्यानं जन्मात ऐकला नव्हता; त्याला ती 'चल', 'ऊठ', 'आटप' या तीन शब्दांत वाढवत आली. घराच्या मागच्या अंगाला बाबांनी एका खोलीचं जोतं घातलं होतं. तो तेव्हा शाळेत जात होता. वर भिंती चढवायच्या तेवढ्यात विटा महागल्या, बाबा म्हणाले थोडं थांबू या, आणि ते जोतं तसंच राहिलं. त्याच्यावर तो खेळला, त्याच्यावर कपडे वाळले, त्याच्यावर बसून आईनं बाबांना आयुष्यभर ऐकवलं. "तुमची खोली बघा किती हवेशीर आहे," ती म्हणायची, आणि बाबा हसायचे. त्यांच्या संसारातला हा एक जुना, वापरून वापरून मऊ झालेला विनोद होता.

आणि रेल्वेची माणसं गल्लीत आली तेव्हाही हेच झालं. सगळी गल्ली हबकली, माणसं एकमेकांच्या दारात जमून कुजबुजायला लागली, आणि आई सरळ त्या अधिकाऱ्याला घरात घेऊन चहा करायला लागली. होकार देणारं गल्लीतलं पहिलं घर त्यांचंच. बाहेरच्यांना वाटलं, मुलगा त्यांच्याच कामावर आहे, आतून काहीतरी ठरलं असेल. तसं काही नव्हतं. खरं कारण त्यालाही उशिरा समजलं, तेही आईनं सांगितलं म्हणून नव्हे, ती बाबांशी भांडत होती म्हणून. तिची आई त्या दुसऱ्या टोकाच्या शहरात राहायची. ती अखेरच्या दुखण्यात असताना निरोप आला आणि आई मिळेल त्या गाडीनं निघाली. ती गाडी रात्रभर रडतखडत चालली, कुठल्याशा माळावर सिग्नलसाठी उभी राहिली, दोन दोन तास उभी राहिली, आणि आई डब्याच्या दारात उभी राहून अंधाराला शिव्या देत राहिली. पोचली तेव्हा तिच्या आईचा चेहरा झाकलेला होता. "अशी गाडी तेव्हा असती," ती बाबांना म्हणत होती, "तर मी तिच्या तोंडात पाणी घातलं असतं. उद्या दुसऱ्या कुणा पोरीची आई असेल तिथं. आपल्या घरापायी अडवायचं का तिला?" बाबा नेहमीसारखं पुटपुटले, की अडवू नको, पण थोडं थांबू या, अजून सगळं ठरलेलं नाही, कायदा आहे, बदलतो. आई म्हणाली, "तुमच्यासाठी कायदा बदलणार आहेत का?" तो स्वतः त्या वेळी जेवत होता. तो हसला होता. आताही त्याला आपलं ते हसू तोंडात घासासारखं लागलं.

तरी बाबा तयार होईनात. अडून बसणं त्यांच्या स्वभावात नव्हतं, ते नुसते थांबले होते. शेवटी आईनं त्यांना मॉडेल दाखवायला आणलं. अजून ते त्याच्या कारखान्यातच होतं, फळ्या सुट्या होत्या. बाबांनी चष्मा पुसला आणि तिसऱ्या फळीवर वाकले. नदी, पूल, पुलापलीकडं सरळ गेलेले रूळ. त्यांनी खूप वेळ शोधलं. मग ते म्हणाले, "आपलं घर कुठंय?"

"इथं होतं," तो म्हणाला. "काढलं. मार्ग दाखवायचा होता."

"कुठं ठेवलंस?"

त्याच्या धंद्यात एक रीत होती, ती त्याच्या मास्तरांनी घालून दिलेली. मॉडेलवरून काढलेलं घर फेकायचं नाही. मालक म्हणतो काढा, आर्किटेक्ट म्हणतो पाडा, आणि पंधरा दिवसांनी तेच दोघं म्हणतात आधीचं बरं होतं. म्हणून काढलेली घरं चॉकलेटच्या रिकाम्या डब्यांत कापूस घालून ठेवायची. त्यानं डबा उघडला. सबंध गल्ली कापसात निजली होती. त्यातून त्यानं आपलं घर काढलं आणि बाबांच्या तळहातावर ठेवलं. ते घर त्यानं इतर घरांसारखं नुसतं ठोकळ्यातून कापलेलं नव्हतं. शेजाऱ्याच्या कुंपणामुळे न्हाणीची भिंत तिरकी गेली होती, ती तिरकी होती. गच्चीवर टाकी होती. मागं जोतं होतं, बोटाच्या पेराएवढा चौकोन, वर काही नाही. बाबांनी तळहात किंचित वरखाली केला, जसा ते नेहमी करत, आणि मग हात स्थिर ठेवून वाट पाहिली. "हलकं आहे," बाबा म्हणाले. त्यांनी ते परत कापसात ठेवलं, झाकण लावलं, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला म्हणाले, की चल, तू म्हणतेस तसं करू.

नव्या जागेत ती दोघं तिसऱ्या मजल्यावर राहायला गेली. जागा वाईट नव्हती. उजेड होता, लिफ्ट होती, पाणी दिवसभर यायचं. आईनं आठवड्यात सगळं लावून टाकलं. बाबांना मात्र काय करावं ते समजेना. ते खिडकीशी बसायचे, उठून दार उघडायचे, जिन्याकडे बघायचे आणि दार लावून परत बसायचे. जणू चुकून दुसऱ्याच्या घरी आलेत आणि घरधनी यायची वाट बघताहेत. त्यांना काही झालं नव्हतं. डॉक्टर म्हणाले वय झालं. ते जेवायचे कमी आणि बोलायचे त्याहून कमी, आणि एक दिवस दुपारी आई चहा घेऊन गेली तर ते खिडकीशी बसल्या बसल्याच गेलेले होते. त्या दिवसापासून आईनं एक हिशोब मनाशी पक्का केला असावा. तिनं कधी म्हटलं नाही की मी त्यांना तिथून ओढून आणलं, पण बुधवारी ती नेमानं दालनात यायला लागली ती त्यानंतरच. गाडी तिच्या ओट्यावरून जायला हवी होती. रोज जायला हवी होती, भरलेली, आजारी आयांकडे निघालेल्या पोरींनी भरलेली. तेवढं झालं की बाबांचं जाणं कशात तरी बसत होतं. आणि आता सभागृहाच्या एका समितीनं, कुणाचंही वाईट न चिंतता, मार्ग टेकडीमागून नेला होता.

तिसरी फळी दालनातून कारखान्यात आली तेव्हा त्यानं नकाशा नीट वाचला. नदीकाठच्या जलशुद्धीकरण केंद्रापासून रूळ फार जवळून जात होते, म्हणून दुरुस्ती. नव्या मार्गावर बहुतेक माळरान होतं, दोन गोदामं होती, घर एकही नव्हतं. कुणावर रागवावं म्हटलं तर तीही सोय नाही. त्यानं पातं घेऊन जुने रूळ उकलले, दिव्यांची तार सोडवली, खाचा भरल्या, नदीनंतर डावीकडं वळण कोरलं. नाजूक वळण होतं. एवढ्या वेगाच्या गाडीला जरा जास्त वळवलं तर चालत नाही. टेकडीमागचा भाग झाला. मग राहिली ती जुन्या रुळांची उघडी पट्टी, फळीला पडलेल्या व्रणासारखी. त्यानं कपाटातून चॉकलेटचा डबा काढला. त्यानं काही ठरवलं नव्हतं. मार्ग हटला की काढलेली घरं परत लावायची, हे हातांना ठाऊक होतं, मास्तरांनी ते हातांना शिकवलं होतं, आणि हात कामाला लागले. कोपऱ्यावरचं किराणा दुकान. शिंपिणीचं घर. दोन जुळी घरं, ज्यांच्यातला जिना एकच होता. प्रत्येकाखाली डिंकाचा थेंब, प्रत्येक आपल्या जुन्या खुणेवर. लहानपणी शाळेतून येताना ही गल्ली याच क्रमानं लागायची, आणि शिंपिणीच्या दारापाशी आलं की आईच्या भांड्यांचा आवाज ऐकू यायचा. आता कारखान्यात नुसता पंख्याचा आवाज होता, तरी त्यानं मान वर केली. शेवटी टोकाचं घर. न्हाणीची तिरकी भिंत पश्चिमेला. तो दोन पावलं मागं सरला, डोळे बारीक करून पाहिलं, आणि त्याला फार बरं वाटलं. कितीतरी दिवसांत एवढं बरं वाटलं नव्हतं. मग त्याला समजलं, की ही घरं आता नाहीत. तिथं तारेचं कुंपण आहे आणि आत गवत.

मॅडम मंगळवारी आल्या आणि वळणावर खूष झाल्या. गल्लीपाशी आल्या तेव्हा थांबल्या. त्या स्वभावानं चांगल्या होत्या. चूक दाखवायची तर आधी एक कौतुक करायच्या.

"किती बारीक काम आहे हो," त्या म्हणाल्या. "पण हे पाडलंय ना सगळं? इथं मोकळी जागा दाखवायची. हिरवळ, दोन बाकं, झाडं. सभासदांनी घरं बघितली तर म्हणतील, मग पाडलीत काय?"

तो म्हणाला, चुकून लागली, काढतो. मॅडम म्हणाल्या, होतं असं. मग जाता जाता त्यांनी सांगितलं, की नव्या दुरुस्तीत एक कलम आहे, न लागलेली जमीन मूळ मालकाला आधी विचारायची, त्याला नको असेल तरच दुसऱ्याला. चांगलं कलम आहे, त्या म्हणाल्या. त्यांना काही माहीत नव्हतं आणि त्यानं कधी सांगितलंही नव्हतं. हमाल फळी न्यायला दारात उभे होते, म्हणून त्यानं म्हटलं, की उद्या सकाळी दालनातच काढतो, पाच मिनिटांचं काम आहे. पाच मिनिटांचं होतंच. एवढ्याशा डिंकाला काय लागतं.

संध्याकाळी तो सरळ आईकडे गेला. जिना चढताना वाक्य तयार होतं: आई, मार्ग बदललाय. दोनच शब्द खरे कामाचे. आईनं दार उघडलं तेच बोलत बोलत. इस्त्रीच्या टेबलावर तिचा निळा पोशाख पसरला होता, बुधवारचा. शेजारच्या बाईंना उद्या बरोबर न्यायचं होतं पण त्यांचा गुडघा धरला, म्हणून आता एकटीच जाणार, आणि तो आलाच आहे तर तेवढी वरच्या फळीवरची पिशवी काढून दे, आणि हातपाय धुऊन घे, अंडी उकडलीयत. तो पिशवी काढून देऊन बसला. बाबांची खुर्ची खिडकीशी होती. आईनं तिच्यावर वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला होता. रिकामी खुर्ची तिला बघवत नसे. वर्तमानपत्रं न उघडलेली होती. बाबांसाठी लावलेली होती, तिनं बंद केली नव्हती. म्हणजे तिला माहीत नाही. त्याला आधी हायसं वाटलं आणि मग त्या हायसं वाटण्याची शिसारी आली. त्यानं एक अंडं सोललं, दुसरं सोललं.

"उद्या नको जाऊस," तो म्हणाला. "पुढच्या बुधवारी जा. तिथं काम चाललंय."

"कसलं काम?"

"असंच. रंगबिंग. थांब ना एक आठवडा."

आई इस्त्री हातात धरून त्याच्याकडे बघत राहिली आणि मग एकदम हसली. किती दिवसांनी हसली होती. "थांब म्हणतोस? अगदी बापावर गेलास हो. मला वाटायचं माझ्यावर गेलायस." ती परत इस्त्री फिरवायला लागली, हसू चेहऱ्यावर तसंच होतं, आणि मग ते हळूहळू दुसरंच काहीतरी झालं. "चालायचं," ती म्हणाली. "तेवढं एक नाव ठेवून गेले, थांबूशेठ. आणि स्वतः थांबले नाहीत." यानंतर त्याला काही सांगता येणं शक्यच नव्हतं. त्यानं अंडी खाल्ली, ताटली धुतली, आणि तो निघाला. रस्त्यात त्याला वाटलं, की आत्ता परत जावं, दारातूनच सांगावं आणि पळावं. तो कोपऱ्यापर्यंत परत गेलाही. वर तिच्या खिडकीत उजेड होता, पडद्यामागं तिची सावली इकडून तिकडं चालली होती, भरभर, नेहमीसारखी. घरी बायकोनं विचारलं, सांगितलंस का. उद्या सांगतो, तो म्हणाला. दिवा मालवताना ती म्हणाली, की उद्या आई तिथं स्वतःच बघणार आहेत.

सकाळी तो दालन उघडायच्या आधीच गेला. पहारेकऱ्यानं दिवे लावले. फळ्या जोडलेल्या होत्या, वळण झोकात दिसत होतं. त्यानं खिशातून पातं काढलं, हिरवळीचा तुकडा आणि चार झाडं बाजूला मांडून ठेवली, आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानापासून सुरुवात केली. ते सुटलं. शिंपिणीचं घर सुटलं. जुळी घरं सुटली. एकेक तो डब्यात ठेवत गेला. टोकाच्या घराशी आला तेव्हा पात्याचं टोक भिंतीखाली सरकवलं आणि तसाच वाकून राहिला. किती वेळ ते त्याला कळलं नाही. बाबांना कारखान्यात या फळीपाशी उभं केलं होतं तेव्हा ते कोणत्या बाजूला वाकले होते, हे तो आठवायचा प्रयत्न करत होता, आणि आठवत नव्हतं. मागून खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. आई आलेली होती. ती नेहमीच वेळेआधी यायची, हे जगात त्याच्याइतकं कुणाला माहीत होतं.

"अरे," आई म्हणाली. "परत लावलंस?"

ती वाकली. निळ्या पोशाखाला इस्त्रीचा वास होता. तिनं बोट लावलं नाही, नुसती तोंड अगदी जवळ नेऊन बघत राहिली. "न्हाणी," ती म्हणाली. "टाकी. अगंबाई, जोतंसुद्धा केलंयस." तिचा चेहरा उजळला होता. तिला वाटलं, त्यानं हे तिच्यासाठी केलंय, बाबांची आठवण म्हणून. त्या एका क्षणापुरतं ते तसंच राहावं असं त्याला फार फार वाटलं. मग तिच्या कपाळाला आठी पडली. घराच्या अलीकडं काही नव्हतं, पलीकडं काही नव्हतं. तिनं नदीपासून बोट हवेतून पुढं आणलं आणि ते बोट अडलं. रूळ कुठंयत, असं तिनं विचारलं नाही. ती सरळ टोकाकडं चालत गेली आणि तिनं बटण दाबलं.

दिवे पेटत निघाले. पहिली फळी, दुसरी फळी, नदीवरचा पूल. पूल ओलांडला आणि ते डावीकडं वळले, टेकडीमागं दिसेनासे झाले, आणि दूर चौथ्या फळीवर पुन्हा दिसले. आईनं पुन्हा दाबलं. या वेळी ती पुलाकडंच बघत होती. "वळली," ती म्हणाली. "दारापर्यंत आली आणि वळली."

मग त्यानं सांगितलं. पाण्याचं केंद्र, समिती, दुरुस्ती, सगळं सांगितलं, आणि गाडी होणारच आहे, त्याच शहराला जाणार आहे, तेवढ्याच वेळात पोचणार आहे, हेही सांगितलं. जमिनीचं कलमही सांगून टाकलं. आई खुर्चीवर बसून ऐकत होती. पर्स तिनं दोन्ही हातांनी मांडीवर धरली होती, डॉक्टरांकडं धरतात तशी.

"म्हणजे बदलला कायदा," ती म्हणाली.

"हो."

"मी म्हटलं होतं त्यांना, तुमच्यासाठी बदलणार आहेत का." मग आवाज न चढवता, कुणाला तरी पत्ता सांगावा तसं म्हणाली, "त्यांचं एकदा ऐकायला हवं होतं रे. सगळ्या जन्मात एकदा. पंख्याचं नसतं ऐकलं तरी चाललं असतं." आणि ती रडायला लागली. बाबा गेले तेव्हा ती अशी रडली नव्हती; तेव्हा माणसं होती, फोन होते, करायचं खूप होतं. आता तिच्याजवळ करायला काही नव्हतं. तो तिच्या शेजारी उकिडवा बसला आणि तिच्या गुडघ्यावर हात ठेवून राहिला. तूच एकटी नाहीस, मीही हसलो होतो, असं त्याला म्हणायचं होतं. ते त्यानं म्हटलं. तिनं ऐकलं की नाही कळलं नाही, पण तिनं त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

पहारेकरी दारातून बघून परत गेला. बाहेरच्या जिन्यावर मॅडमचा आवाज आला, दालन एकदा नजरेखालून घालायला त्या लवकर आल्या होत्या, फोनवर कुणाला तरी सांगत होत्या की सगळं तयार आहे. तो उठला. हिरवळीचा तुकडा टेबलाच्या कडेवर तसाच होता. त्या सगळ्या लांबीरुंदीत, नद्या, बोगदे आणि गावं यांच्यात, पुलासमोर ते एकच घर उरलं होतं, मागं रिकामं जोतं घेऊन. त्यानं पातं परत हातात घेतलं.

"आई," तो म्हणाला, "काढायला हवं. काढू?"

आई खुर्ची सोडून फळीपाशी आली होती. तिनं घरावरून नजर न हलवता त्याचं मनगट धरलं.

"थांब," ती म्हणाली. "थोडं थांबू या."

दाराबाहेर मॅडमची पावलं आली. त्यानं पातं मिटून खिशात ठेवलं आणि तो तिच्याशेजारी उभा राहिला.